आटे गेले, गाडी नाही गेली



मागच्या लेखात आपण मिक्सरचे कार्बन ब्रश कसे बदलायचे ते पाहिलं. त्यावर दोन-तीन जणांनी कळवलं, की स्वयंपाकघर पुरे, आता जरा गाड्यांकडे वळा. योगायोगानं त्याच आठवड्यात आमच्या विजय नगरात एक काम निघालं. काम अगदी छोटं, एका बोल्टाचं. पण त्या बोल्टापायी पन्नास वर्षांहून जुनी मोटारसायकल भंगारात जाण्याच्या बेतात होती. म्हणून आजचा लेख त्या बोल्टावर.

बोल्ट म्हणजे इंजिनच्या अगदी तळाशी असतो तो ड्रेन प्लग. जुनं ऑईल काढायचं असलं की तो सोडवायचा आणि नवं भरण्याआधी परत लावायचा. गाडीच्या आयुष्यात तो शेकडो वेळा उघडतो आणि बंद होतो. एक दिवस असा येतो, की आवळताना तो घट्ट होतच नाही, नुसता गोल गोल फिरत राहतो. आपल्याकडे मेकॅनिक लगेच निदान करतो, ‘भिया, चूड़ी मर गई।’ हिंदीतली चूडी म्हणजे आपल्या मराठीतले आटे. आटे गेले, की बोल्ट पकड धरत नाही.

गाडी आमच्या कॉलनीतल्या एका काकांची. जावा, अडीचशे सीसी, 1970 सालची. काकांनी ती 1978 मध्ये नोकरी लागल्यावर जुनी विकत घेतली आणि पुढची पंचवीस वर्षं तिच्यावरच कारखान्यात गेले. आता ती रविवारी सकाळी निघते, पोह्यांपर्यंत जाते आणि परत येते. यंदा काकांच्या नातीला, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या मुलीला, ही गाडी शिकायची होती. नेमकं तेव्हाच गाडीखाली काळा डाग दिसू लागला. काकांनी एका गॅरेजात दाखवली. त्यांनी प्लगवर टेफ्लॉन टेप गुंडाळून दिली. आठ दिवसांत डाग पुन्हा हजर. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, की एम-सील लावून कायमचं बंद करून टाका. तिसऱ्यानं इंजिनची खालची बॉडी बदलायला सांगितली, आणि ‘मिळाली तर’ असंही वर जोडलं. पुण्यातल्या मुलानं फोनवर सरळ सल्ला दिला, ‘बाबा, आता विकून टाका.’ भंगारवाल्यानं किलोवर भाव सांगितला. काका काही बोलले नाहीत. काकूच आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, ‘अरे, तू जरा बघ. हे दोन दिवस झाले गाडीवरचं कापडसुद्धा काढत नाहीयेत.’

जावा आणि आपलं इंदूर

दुरुस्तीकडे जाण्याआधी गाडीबद्दल थोडं. नव्या पिढीला जावा म्हटलं की शोरूममधली चकचकीत गाडी आठवते. मूळ जावा चेकोस्लोव्हाकियातली. फ्रान्तिशेक यानेचेक या उद्योजकानं 1929 मध्ये वाँडरर कंपनीचा मोटारसायकलचा धंदा घेतला आणि दोन्ही नावांची पहिली अक्षरं जोडून जावा हे नाव केलं. भारतात म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून 1961 पासून या गाड्या निघू लागल्या. 1973 पासून त्याच कारखान्याच्या गाड्यांवर येझदी हे नाव आलं, आणि 1996 मध्ये कारखाना बंद झाला. किक मारायची दांडी हीच गिअरची दांडी, ही या गाड्यांची खास ओळख. किक मारून झाली की तीच दांडी पुढे वळवायची आणि गिअर टाकायचे.

इंदूरकरांसाठी यातली गंमत पुढे आहे. 2018 च्या नोव्हेंबरात नवी जावा बाजारात आली, ती तयार होऊ लागली पिथमपुरात, महिंद्रांच्या कारखान्यात. हा कारखाना आधी पुण्याच्या फिरोदियांच्या किनेटिकचा होता. तुमच्या आईनं किंवा मावशीनं कॉलेजात चालवलेली किनेटिक होंडा तिथलीच. 2008 मध्ये महिंद्रांनी किनेटिकचा दुचाकींचा धंदा घेतला आणि पुढे त्याच आवारातून जावा निघाली. म्हणजे जुनी जावा म्हैसूरची असली, तरी तिची नात आपल्या शेजारच्या धार जिल्ह्यात जन्मली आहे. पण नव्या गाडीचं इंजिन पूर्णपणे वेगळं आहे, त्यामुळे पिथमपुराचा शेजार काकांच्या गाडीला सुट्या भागांसाठी कामाचा नव्हता.

हा प्लग गळला तर बिघडतं काय?

ऑईल थोडं गळलं तर वरून ओतत राहू, असं पुष्कळांना वाटतं. जुन्या जावाच्या बाबतीत हा विचार धोक्याचा आहे.

ही टू-स्ट्रोक गाडी. तिच्यात दोन वेगळी ऑईल असतात. एक पेट्रोलमध्ये मिसळायचं. ते पिस्टन आणि क्रँकला वंगण देतं आणि धुरावाटे निघून जातं. दुसरं गिअरबॉक्सचं. त्यात गिअर, क्लचच्या प्लेटा आणि क्रँकपासून क्लचपर्यंत जाणारी साखळी, हे सगळं बुडालेलं असतं. आपला ड्रेन प्लग या दुसऱ्या ऑईलचा.

आता हे दुसरं ऑईल रस्त्यात गळून गेलं तर? गाडी बंद पडत नाही. पिस्टनला पेट्रोलमधून वंगण मिळतच असतं, त्यामुळे इंजिन नेहमीसारखं वाजत राहतं. डॅशबोर्डवर ऑईलचा लाल दिवा नाही. चालवणाऱ्याला काहीच कळत नाही आणि खाली गिअर कोरडे घासत राहतात. ते तापून एकमेकांत अडकले, तर मागचं चाक चालत्या गाडीत एकदम जाम होऊ शकतं. शिवाय गळणारं ऑईल मागच्या टायरवर उडतं ते वेगळंच. नवशिक्या मुलीच्या हाती अशी गाडी द्यायची का, हा खरा प्रश्न होता. म्हणून मी काकांना आधीच सांगितलं, की टेप किंवा एम-सीलवर गाडी परत रस्त्यावर आणायची नाही. नीट होणार असेल तर करू, नाहीतर दिवाणखान्यात शोभेला ठेवू.

आटे जातात कशानं?

इथे आपल्या स्वयंपाकघरातलं उदाहरण घेऊ. कुकरच्या झाकणातून वाफ जायला लागली तर आपण काय करतो? झाकण हातोडीनं ठोकत नाही, आतली रबरी रिंग बदलतो. वाफ अडवायचं काम रिंगचं असतं, झाकणाचं काम तिला दाबून धरण्याचं.

ड्रेन प्लगचंही तेच आहे. ऑईल आटे अडवत नाहीत. ते अडवतो प्लगच्या डोक्याखालचा वॉशर. आट्यांचं काम फक्त त्या वॉशरला सारख्या दाबानं धरून ठेवायचं. हा वॉशर पुष्कळदा तांब्याचा असतो. तांबं मऊ, म्हणून पहिल्यांदा दाबलं की ते दोन्ही पृष्ठभागांवर छान बसतं. पण एकदा दाबलं गेलं की ते कडक होतं. पुढच्या वेळी तोच वॉशर वापरला की नीट बसत नाही आणि एखादा थेंब येतो. थेंब दिसला की मेकॅनिक प्लग आणखी आवळतो. तरी थेंब येतो, मग पान्याला पाईप लावून आवळतो.

पाईप लावल्यानं काय होतं, त्याचा हिशेब सोपा आहे. पान्याच्या टोकाला आपण 20 किलोचा जोर लावला आणि पाना 15 सेंटिमीटर लांब असला, तर बोल्टावर साधारण 30 न्यूटन-मीटर पीळ पडतो. त्याच हाताचा तोच जोर 60 सेंटिमीटरच्या पाईपवर लावला, की 120 च्या जवळ जातो. हाताला काहीच फरक जाणवत नाही, बोल्टाला मात्र चौपट पीळ बसतो. प्लग पोलादाचा, इंजिनची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची. दोघांच्या झटापटीत अ‍ॅल्युमिनियमचे आटे सोलून निघतात. प्लग बाहेर काढला की त्याच्या आट्यांत चांदीसारखी चकचकीत तार अडकलेली दिसते. ती तार म्हणजे आपल्या इंजिनचे आटे.

दुसरं कारण चुकीचा बोल्ट. 12 मिलिमीटरचा बोल्ट म्हणून दुकानात गेलात, तर साधारणपणे मिळतो त्याच्या दोन आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, 1.75 मिलिमीटर असते. ड्रेन प्लगची पिच बहुधा बारीक असते, 1.5 किंवा 1.25. दिसायला बोल्ट सारखाच. दोन फेरे सहज जातो, मग अडतो, आणि अडलेला बोल्ट जोर लावून आत घातला की मूळ आटे कापले जातात. बुलेटवाल्यांनी तर जास्तच जपावं. जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांवर काही जागी ब्रिटिश आटे असतात. जोसेफ व्हिटवर्थनं 1841 मध्ये बांधून दिलेल्या त्या मापात आट्याचा कोन 55 अंशांचा आहे, आपल्या मेट्रिकचा 60 अंशांचा. एकात दुसरं बसवायचं म्हणजे आट्यांचं नुकसान ठरलेलंच.

बॉडीच बदलली तर?

हा प्रश्न नातीनं विचारला आणि तो योग्यच होता. दोन अडचणी. एक म्हणजे इंजिनची खालची बॉडी, म्हणजे क्रँककेस, दोन अर्ध्या भागांची असते आणि ते दोन भाग जोडीनं मशीन केलेले असतात. एक अर्धा इथून, दुसरा तिथून आणला तर बेअरिंगच्या जागा जुळतीलच असं नाही. दुसरी अडचण कागदांची. इंजिन क्रमांक याच बॉडीवर कोरलेला असतो आणि आरसीत तोच लिहिलेला असतो. बॉडी बदलली की आरटीओच्या दारात उभं राहणं आलं.

याच्याशीच जोडलेली आणखी एक माहिती. केंद्र सरकारनं 2021 मध्ये विंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. 50 वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये मोठे बदल न झालेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, नंतर पुनर्नोंदणीची 5,000. मात्र अशी नोंदणी घेतलेली गाडी रोजच्या वापरासाठी चालवता येत नाही, प्रदर्शन, रॅली यांसारख्या कारणांसाठीच बाहेर काढता येते. काकांना रविवारचे पोहे सोडायचे नव्हते, म्हणून त्यांनी त्या वाटेला जायचं नाही असं ठरवलं. पण तुमच्या घरी अशी गाडी असेल आणि पुढे विचार करायचा असेल, तर मूळ इंजिन जपणं किती महत्त्वाचं आहे ते यावरून लक्षात येईल.

उपाय कोणकोणते?

आम्ही काकांच्या ओट्यावर बसून यादी केली. सोप्यापासून अवघडाकडे अशी ती देतो.

पहिला उपाय, नवा प्लग. कधी कधी इंजिनचे आटे ठीक असतात आणि प्लगचेच झिजलेले असतात. म्हणून आधी नवा, बरोबर पिचचा प्लग हातानं लावून बघायचा. आमच्याकडे तोही गोल फिरला.

दुसरा, टेप किंवा एम-सील. हे औषध नाही, फक्त घरी पोचण्यापुरती पट्टी. टेपचे तुकडे आत जाऊ शकतात, आणि एम-सीलनं बंद केलं तर पुढचं ऑईल बदलायचं कसं?

तिसरा, ओव्हरसाइज प्लग. हा जाड असतो आणि स्वतःच नवे आटे कापत आत जातो. स्वस्त आणि झटपट. पण तो वाकडा गेला तर वॉशर एकाच बाजूला दाबला जातो. शिवाय दर वेळी सोडवताना तो पुन्हा थोडं अ‍ॅल्युमिनियम खातो.

चौथा, भोक मोठं करून पुढच्या मापाचे आटे पाडायचे. भोकाभोवती अ‍ॅल्युमिनियमची भिंत पुरेशी जाड असेल तर चालतं. पण हे आटेही अ‍ॅल्युमिनियमचेच, म्हणजे पुढच्या पाईपवाल्याची वाट बघत राहायची.

पाचवा, हेलिकॉइल. स्टेनलेस स्टीलच्या तारेची घट्ट स्प्रिंग असते. भोक किंचित मोठं करून त्यात खास टॅपनं आटे पाडायचे आणि ही स्प्रिंग त्यात बसवायची. स्प्रिंगच्या आतल्या बाजूला मूळ मापाचे आटे तयार मिळतात. त्यामुळे मूळ मापाचाच प्लग लागतो आणि आता तो पोलादात फिरतो.

सहावा, लेथवर पितळेचा किंवा पोलादाचा बुश करून बसवायचा. भोक फारच मोठं झालं असेल तर हाच चांगला.

सातवा, आर्गन वेल्डिंगनं भोक भरायचं आणि नव्यानं पाडायचं. त्यासाठी इंजिन पूर्ण उघडावं लागतं. जुन्या अ‍ॅल्युमिनियममध्ये वर्षानुवर्षं ऑईल मुरलेलं असतं, वेल्डिंगमध्ये त्याचे बुडबुडे येतात. हा शेवटचा उपाय.

भोकाभोवतीची भिंत कॅलिपरनं मोजली, ती भरपूर होती. हेलिकॉइल ठरली.

रविवारचं काम

प्लगचं नेमकं माप मी मुद्दाम देत नाही. पन्नास वर्षांत कुणी काय बदललं असेल ते गाडीगणिक वेगळं असतं. पिच गेज नावाची छोट्या पात्यांची पट्टी मिळते. तिची पाती प्लगच्या आट्यांत बसवून बघायची, जी पोकळी न सोडता बसेल ती आपली पिच. हे काम नातीनं केलं. पुस्तकात 60 अंशांचा आटा तिनं दहा वेळा काढला होता, हातात पहिल्यांदा घेतला.

सियागंजात हेलिकॉइलचं किट मिळालं. त्यात ड्रिल, टॅप, स्प्रिंग आणि ती बसवायची दांडी असते. किटवर लिहिलेल्या मापाचाच ड्रिल वापरायचा, अंदाजानं नाही.

खरी काळजी वेगळीच होती. गाडीखाली आडवं पडून भोक सरळ कसं ठेवायचं? दोन अंश जरी वाकडं झालं, तरी प्लगचं डोकं वॉशरवर एका कडेनं टेकणार आणि थेंब पुन्हा येणार. सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला एक सवय असते, की चुकलं तर मागे जाता येतं. अ‍ॅल्युमिनियम एकदा कापलं की कापलं. म्हणून सांवेर रोडवरच्या एका जुन्या लेथवाल्या उस्तादांकडे गेलो. त्यांनी पोलादाचा एक चौकोनी ठोकळा करून दिला, मधोमध ड्रिलच्या मापाचं काटकोनातलं भोक, आणि दुसरा तसाच टॅपच्या मापाचा. ठोकळा प्लगच्या सपाट जागेवर घट्ट दाबून धरायचा, म्हणजे ड्रिल आणि टॅप आपोआप सरळ जातात. उस्ताद म्हणाले, ‘हाथ को मत सिखाओ, लोहे को सीधा रखने दो।’

गाडी मधल्या स्टँडवर, स्टँडखाली लाकडी फळ्या, आणि दोन्ही बाजूंनी दोरानं खांबाला बांधलेली. पेट्रोल आधीच काढून ठेवलेलं. डोळ्यांवर चष्मा, कारण वरून कीस पडतो. ड्रिलवर टेपची खूण केली, म्हणजे तो ठरावीक खोलीपुढे जाऊन आतल्या गिअरला लागणार नाही. विजेचा ड्रिल वापरलाच नाही. काढायचं होतं ते अ‍ॅल्युमिनियम अगदी थोडं, म्हणून ड्रिल टॅपच्या हँडलमध्ये धरून हातानंच फिरवला. वेळ लागला, पण प्रत्येक फेऱ्याला काय कापलं जातंय ते हाताला कळत होतं.

मग टॅप. त्याच्या खाचांत ग्रीस भरलं, म्हणजे कीस ग्रीसला चिकटून बाहेर येतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असं करत जायचं. मागे फिरवल्यानं कीस तुटतो आणि टॅप अडकत नाही. दोन-तीन फेऱ्यांनी टॅप पूर्ण बाहेर काढून पुसायचा आणि नवं ग्रीस लावायचं. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. पुष्कळ जण म्हणतात, आत कीस राहिला तर चुंबकानं काढू. अ‍ॅल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही. म्हणून कीस आत जाऊच न देणं, आणि नंतर धुऊन काढणं, हेच दोन मार्ग. आम्ही वरच्या भोकातून स्वस्त पातळ ऑईल ओतलं आणि खाली पांढऱ्या कपड्यातून गाळून घेतलं. पहिल्या खेपेला कपड्यावर चमचमतं चूर्ण आलं, दुसऱ्या खेपेला थोडं, चौथ्या खेपेला कपडा स्वच्छ. तेव्हाच पुढे गेलो.

स्प्रिंग दांडीवर चढवून हळूहळू आत फिरवली. ती बाहेरच्या पृष्ठभागाच्या किंचित आत बसायला हवी, म्हणजे वॉशर सपाट अ‍ॅल्युमिनियमवर टेकतो. स्प्रिंगच्या आतल्या टोकाला एक आडवा काटा असतो. तो दांडीला धरायला दिलेला असतो. काम झालं की तो तोडून बाहेर काढायचा. सगळ्यात जास्त भीती याच काट्याची. तुटून आत गेला आणि गिअरच्या दातांत सापडला, तर सगळी मेहनत वाया. आम्ही तो लांब चोचीच्या पकडीत घट्ट धरूनच वरखाली हलवून तोडला. तुटल्याचा बारीक आवाज आला आणि काकांनी विचारलं, ‘कुठे आहे?’ नातीनं पकड उजेडात धरून दाखवली. काट्याचा तुकडा पकडीतच होता. काकांनी तो चहाच्या बशीत ठेवायला लावला, आणि काम संपेपर्यंत कुणी त्या बशीला हात लावला नाही.

वॉशर, चिंच आणि काकू

नवा तांब्याचा वॉशर आणलाच होता, पण काकांनी जुना कसा मऊ करतात तेही दाखवलं. वॉशर पकडीत धरून गॅसच्या ज्योतीवर अंधूक लाल होईपर्यंत तापवायचा आणि पाण्यात टाकायचा. पोलाद असं केलं तर कडक होतं, तांबं उलट मऊ होतं. पाण्यानं फक्त वरची काळी पापुद्री सुटते. उरलेला काळेपणा काकूंनी चिंचेनं घासून काढला, ‘देवाची भांडी आणि हा वॉशर, दोन्ही एकच धातू’ असं म्हणत. मग काचेवर पॉलिश पेपर ठेवून वॉशर दोन्ही बाजूंनी सपाट घासला. एक सूचना : हे फक्त तांब्याच्या वॉशरवर करायचं. अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर लाल होण्याआधीच वितळतो, आणि फायबरचा जळतो. लहान मुलांनी एकट्यानं करू नये.

प्लग आधी बोटांनीच पूर्ण आत घेतला. हा सगळ्यात साधा आणि सगळ्यात विसरला जाणारा नियम. बोल्ट बोटांनी चार-पाच फेरे गेला नाही, तर पाना हातात घ्यायचाच नाही, बाहेर काढून पुन्हा लावायचा. वॉशर टेकल्यावर छोट्या पान्यानं बेताचं आवळलं. टॉर्क पाना असेल आणि गाडीच्या पुस्तकात आकडा असेल तर उत्तमच.

ऑईल भरून गाडीखाली वर्तमानपत्र पसरून ठेवलं. सकाळी कागद कोरडा होता. मग काकांनी स्वतः दहा किलोमीटरची चक्कर मारली, कारण गरम ऑईल पातळ होतं आणि खरी परीक्षा तेव्हाच होते. पुन्हा कागद, पुन्हा कोरडा. पुढच्या दोन रविवारीही बघितलं, आणि तिसऱ्या रविवारी नातीच्या हातात किल्ली आली. एकूण खर्च एका कुटुंबाच्या सराफ्यातल्या रात्रीच्या चकरेपेक्षा जास्त नव्हता.

जुन्या ऑईलचं काय?

हा भाग वगळून चालणार नाही. आपलं शहर 2017 पासून सलग सात वेळा देशात पहिलं आलं, ते घराघरातल्या वर्गीकरणामुळे. वापरलेलं ऑईल नालीत किंवा झाडाच्या मुळाशी ओतू नका. ते घातक कचऱ्यात मोडतं. जुन्या डब्यात भरून, झाकण घट्ट लावून, वापरलेलं ऑईल गोळा करणाऱ्या गॅरेजात द्या. ऑईलनं भिजलेला कपडाही सुक्या कचऱ्यात न टाकता घातक कचऱ्याच्या वेगळ्या पिशवीत टाका.

आता घरी करण्यासारखं काम सांगतो. तुमच्याकडची गाडी जुनी असो की नवी, पुढच्या ऑईल बदलाच्या वेळी दहा मिनिटं गॅरेजात उभे राहा. प्लग बोटांनी लावला जातो का, वॉशर नवा आहे का, पान्याला पाईप लागतो का, एवढ्या तीनच गोष्टी बघा. वॉशर नवा नसेल तर तसं सांगा, काही रुपयांत येतो. आणि मेकॅनिक पाईप उचलताना दिसला, तर हसत हसत म्हणा, ‘भिया, बस, इतना काफी है।’

पुढच्या अंकात पावसाळ्याआधी गाडीच्या वायरिंगकडे बघू. तुमच्या घरी एखादी जुनी लूना, चेतक किंवा राजदूत उभी असेल, तर तिची अडचण जरूर कळवा.